गावात भटकताना योगायोगाने निघालेला तुमचा आवडता फोटो कोणता?

माझा आवडता फोटो एका शेळीचा आहे, म्हणजे काढायचा होता शेळीचा.

साताऱ्याकडे चंदन-वंदन किल्ल्यांच्या पायथ्याला फिरत होतो, डिसेंबर महिना, वंदनगड उतरून खाली आलो आणि एसटीला वेळ होता म्हणून जवळच्या एका छोट्या गावात शिरलो. गावात चिटपाखरू नाही, सगळी माणसं रानात. देवळाच्या कडेला दोन-तीन दगड उभे होते, शेंदूर फासलेले, आणि त्यातल्या एकाला एक शेळी मान घासत होती, डोळे मिटून, इतकी मजेत की मी मोबाइल काढला. तेवढ्यात ओट्यावरून एक आजी ओरडल्या, "आरं शेळीचा फोटू कशापायी काढतुयास?" मी हसलो आणि विचारलं हा दगड कसला, तर म्हणाल्या, "म्हसोबा हाय त्यो."

एसटीत बसल्यावर फोटो झूम केला तर शेळीच्या मागे चक्क कोरीवकाम! समोर उभा असताना मला नुसता खडबडीत दगड दिसला होता. झालं असं की ऊन उतरतीचं होतं, दगडाला डावीकडून अगदी चाटून जात होतं, त्यामुळे झिजलेल्या प्रत्येक खाचेत सावली भरली होती. भर दुपारी समोरून ऊन असतं तर काहीही दिसलं नसतं. शेळीच्या तोंडापाशी खालच्या चौकटीत ओळीने गाई होत्या आणि त्यांच्या पुढ्यात ढाल-तलवार घेतलेला एक माणूस.

तो वीरगळ होता, म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाचा स्मारक दगड. हा खालून वर वाचायचा असतो बरं का. सगळ्यात खाली लढाई आणि मेलेला वीर, त्याच्यावर अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन चालल्यात, आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर कलश, बऱ्याचदा चंद्र-सूर्य पण असतात, ते आहेत तोवर याची कीर्ती राहणार असा अर्थ. खाली गाई असल्या तर गावाची जनावरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना हा गेला असं समजतात. मला हे जास्त भिडतं, राजाच्या युद्धापेक्षा. कर्नाटकात अशा दगडांवर बरेचदा लेख असतो, आपल्याकडे बहुतेक कोरेच, त्यामुळे त्याचं नाव कळायला मार्ग नाही. शेजारच्या दगडावर कोपरात वाकलेला बांगड्या भरलेला हात होता, ती सतीशिळा. फोटोच्या कोपऱ्यात तिचा अर्धाच भाग आलाय.

आता तुम्हालाही असा फोटो हवा असेल तर सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर जा. ढगाळ असेल तर मित्राला टॉर्च घेऊन दगडाच्या बाजूला उभा करा, समोरून फ्लॅश मारलात तर सगळं सपाट होतं. आणि कृपा करून कोरीवकाम उठून दिसावं म्हणून खडू, पीठ, तेल असलं काही फासू नका, काही ट्रेकर लोक करतात आणि वर फोटोखाली 'इतिहास जपूया' लिहितात, डोकंच फिरतं. शेंदूर पण खरवडायचा नाही, तो गावाचा देव आहे, आणि त्या श्रद्धेमुळेच तो दगड अजून कुणाच्या पायरीला लागलेला नाही.

एकाच जागी भरपूर बघायचे असतील तर वाई तालुक्यातल्या किकलीला जा, भैरवनाथाच्या देवळापाशी डझनावारी वीरगळ आहेत. मुंबईकरांना तर एवढं लांब यायचीही गरज नाही, बोरिवलीला एकसरमध्ये आहेत, आणि तिथल्या दगडांवर गाईबिई नाहीत, त्यातल्या बऱ्याच दगडांवर वल्ही मारत चाललेल्या जहाजांची लढाई कोरलीय.