नुसतं बीएससी

मी समुपदेशक आहे. नीटचा निकाल लागला की पुढचे दोन महिने माझ्याकडे एकच वाक्य येतं. मुलं बदलतात, गावं बदलतात, वाक्य तेच: "मॅडम, मी नुसतं बीएससी करतेय." बॉटनी असो, झूलॉजी असो की मायक्रोबायॉलॉजी, आधी 'नुसतं' आणि मग विषय. पालकांचा प्रश्नही ठरलेला असतो: "बायोलॉजी घेऊन पुढे काय?" म्हणून एकीची हकिकत लिहिते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

तिला मयूरी म्हणू. रावेर तालुक्यातली, घरची केळीची बाग. एक वर्ष रिपीट करून नीट दुसऱ्यांदा दिली, तरी सरकारी जागा लांबच राहिली. 720 पैकी किती पडले ते तिनं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. बीएससीच्या पहिल्या वर्षाचे मार्क मात्र विचारूनही आठवेनात. पुण्यात बॉटनी घेऊन ती दुसऱ्या वर्षाला होती. प्रॅक्टिकलला दांड्या मारायची आणि एमबीबीएसला गेलेल्या मैत्रिणींचे पांढऱ्या कोटातले फोटो बघत रात्र काढायची.

पूर्वी अशा वेळी मी पर्यायांची यादी पुढे ठेवत असे. अनुभवानं कळलं की घाबरलेल्या मुलाला यादी दिली की भीतीही तेवढ्याच कलमांची होते. माझा पिंड मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर पोसलेला आहे. माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल तो स्वतःला जे ऐकवतो ते जास्त छळतं, यावर माझा विश्वास आहे. त्यामुळे मी तो शब्दच धरला.

"नुसतं काढून परत सांग."

"मी बीएससी बॉटनी करते." थोडं थांबून ती म्हणाली, "अर्धवट वाटतं, मॅडम."

"मग त्यापुढे काहीतरी जोड. तुला काय काय करता येतं?"

"काहीच नाही."

तिला एक वही करायला सांगितली. सिलॅबसमध्ये काय आहे ते लिहायचं नाही, आपल्या हातांना काय येतं तेवढंच लिहायचं. पुढच्या वेळी अर्धं पान भरलं होतं: कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करून पेशीविभाजन दाखवता येतं. फूल कापून त्याचं कुळ ओळखता येतं. मीडिया (पेशी वाढवायचं पोषक मिश्रण) करून ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) लावता येतो. शेवटची ओळ खोडून परत लिहिली होती: 'स्लाइड चांगली येते असं मॅम म्हणाल्या.' म्हणजे ती प्रॅक्टिकलला परत जाऊ लागली होती. मी त्यावर काही बोलले नाही. अशा जागी कौतुक केलं की मुलं पुन्हा आपल्या मार्कांसाठी लिहायला लागतात.

तिसऱ्या भेटीला वडील आले. रात्रभर प्रवास करून आलेले, खुर्चीच्या कडेवर बसलेले. "डॉक्टर नाही तर निदान फार्मसी, नर्सिंग तरी. झाडपाला शिकून पोट भरतं का, मॅडम?"

मी त्यांना बागेचं विचारलं. त्यांचा आवाजच बदलला. जी-नाईन या केळीच्या वाणाची टिश्यू कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं लावलेली, हरण्या रोग आला, झाडं उपटून पुरावी लागली. "पाऊसच तसा झाला," ते म्हणाले.

"पावसानं नाही, अप्पा," मयूरी म्हणाली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं वाक्य. "हरण्या म्हणजे विषाणू आहे, कुकुंबर मोझॅक. मावा ही कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. आपण बांधाला काकडी लावली होती, तणही तसंच होतं. तिथून आला असेल, नाहीतर रोपातूनच. रोपं विकण्याआधी लॅबमध्ये तपासायची असतात. पानाचा तुकडा घेऊन एलायझा, पीसीआर या विषाणू शोधायच्या चाचण्या करतात. विषाणू नसलेल्या रोपांना प्रमाणपत्र देण्याची सरकारी पद्धत आहे."

"कोण तपासतं?"

"बॉटनीवाले, बायोटेकवाले. आमच्यासारखेच."

अप्पा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला नाही, तिला विचारलं, "काकडी काढून टाकायची का मग?"

वीसेक वर्षांच्या कामात असे क्षण मोजके येतात, आणि तेव्हा समुपदेशकानं गप्प बसायचं असतं. मला ते जमलं याचं समाधान आहे. तिच्या त्या बोलण्यात 'नुसतं' एकदाही आलं नव्हतं. आणि त्या घराचं पोट कितीतरी वर्षं जीवशास्त्रावरच भरत होतं, फक्त बायोलॉजी म्हणजे डॉक्टर हे समीकरण सगळ्यांच्या डोळ्यांवर बसलं होतं. माझ्याही. तोवर मी मुलांची समजूत 'डॉक्टरकीऐवजी काय' याच अंगानं घालत होते. त्या 'ऐवजी'तच हार गृहीत धरलेली असते, हे मला त्या दुपारी कळलं.

यानंतर मात्र व्यवहाराचं बोललो, आणि ते मी सगळ्याच पालकांना स्पष्ट सांगते. 'नुसतं बीएससी' या भीतीत तथ्य आहे. हातात कसब नसलेली तीन वर्षांची पदवी औषध किंवा खाद्यपदार्थ कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये बेताच्या पगारावर सुरुवात करून देते आणि पुढे अडते. एमएससी धरूनच चालावं. जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर, बायोटेकसाठी गॅट-बी, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी, या प्रवेश परीक्षांची तयारी दुसऱ्या वर्षापासूनच. काही संस्था बारावीच्या गणिताची अट घालतात, ती आधी पाहावी. चौथं ऑनर्स वर्ष करून 75 टक्के मिळवले तर एमएससीशिवायही पीएचडीला अर्ज करता येतो. सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. पण ते पैसे अनेकदा उशिरा हातात पडतात आणि पीएचडी पाच-सहा वर्षं मागते. ज्याला प्रश्नाची ओढ नाही त्यानं त्या वाटेला जाऊ नये.

बॉटनी किंवा झूलॉजीच्या पदवीवर भारतीय वनसेवेची परीक्षा देता येते, हे ऐकून दर वेळी कुणीतरी चकित होतं. अन्नसुरक्षा अधिकारी व्हायला मायक्रोबायॉलॉजी किंवा बायोटेकची पदवी चालते, साध्या बॉटनीची नाही. असले बारकावे प्रवेश घेतानाच विचारायचे असतात. पुण्यातल्या मुलांना तर मी म्हणते, आघारकर, एनसीसीएस, एनआयव्ही, आयसर या संशोधन संस्था एका शहरात आहेत. सुट्टीतल्या कामासाठी मेल लिहा. दहा मेल गेले की एखादं उत्तर येतं.

मयूरीनं चौदा लिहिले. उन्हाळ्यात सहा आठवडे एका टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत गेले, बहुतेक वेळ बाटल्या धुण्यात आणि मीडिया ओतण्यात. ती कंटाळली, पण झोप लागायला लागली.

परवा येऊन गेली. गॅट-बीचा अभ्यास चालू आहे. अप्पांनी या वेळी रोपांचे पैसे देण्याआधी तपासणीचा कागद मागितला म्हणे. जाताना तिनं विचारलं, वनस्पतींच्या विषाणूंकडे वळू की नवे वाण तयार करण्याकडे? मी म्हटलं, हा प्रश्न माझ्या खोलीतला नाही, तो तुझ्या सरांना विचार. ती हसली आणि लेक्चर चुकेल म्हणून घाईनं निघाली.