पिपने पॅकेज इन्स्टॉल झालं, तरी पायथनला सापडत नाही. विंडोज आणि उबुंटूवर पायथन पॅकेजेस नेमकी कुठे शोधतं?

बहुतेक वेळा पिपने पॅकेज एका पायथनमध्ये टाकलेलं असतं आणि तुम्ही चालवत असता दुसरंच पायथन. पायथन अख्खी डिस्क धुंडाळत नाही. सिस मोड्यूलमधल्या ‘पाथ’ या यादीतले फोल्डर क्रमाने बघतं: आधी तुमच्या स्क्रिप्टचं फोल्डर, मग स्टँडर्ड लायब्ररी, मग साइट-पॅकेजेस, म्हणजे पिप जिथे पॅकेजेस टाकतं ते फोल्डर. ही यादी प्रत्येक पायथनची वेगळी.

विंडोजवर साइट-पॅकेजेस हे पायथनच्याच फोल्डरात, ‘लिब’च्या आत असतं. उबुंटूवर ॲप्टने (उबुंटूच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने) टाकलेली पॅकेजेस ‘डिस्ट-पॅकेजेस’मध्ये जातात, हे नाव डेबियनने (उबुंटू ज्यावर बेतलंय त्या सिस्टीमने) मुद्दाम वेगळं ठेवलंय, म्हणजे तुम्ही स्वतः बसवलेल्या पायथनशी सरमिसळ होत नाही.

म्हणून नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथन ‑एम पिप इन्स्टॉल’ लिहा, उबुंटूवर ‘पायथन३ ‑एम’. ज्या पायथनला हाक माराल, त्याच्याकडेच पॅकेज जाईल. कुठे गेलं ते ‘पिप शो’ आणि पॅकेजचं नाव दिलं की ‘लोकेशन’च्या ओळीत दिसतं.

मात्र उबुंटू २३.०४ पासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिप थेट काही टाकू देत नाही. तिथे आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजेससाठी पायथनचं वेगळं फोल्डर, बनवाच.