सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत फेलोशिप मिळाली आहे. बायको आणि चार वर्षांच्या मुलीसह जिनिव्हात राहावं की सीमेपलीकडे फ्रान्समधल्या सां-जेनी-पुयीत?

"तिथे काहीच नाही, नुसतं झोपायला जायचं गाव आहे असं ऐकलंय" हे तुम्ही प्रश्नात लिहिलंत, म्हणून उत्तर द्यायला बसले. हेच वाक्य जिनिव्हातल्या एका मराठी गृहस्थांनी गणपतीच्या जेवणात मला ऐकवलं होतं. दुसऱ्याच्या घरी वाद नको म्हणून तेव्हा गप्प राहिले.

माझ्या नवऱ्याचं काम सीएमएस या सर्नच्या कण टिपणाऱ्या यंत्रावर, म्हणजे डिटेक्टरवर, जवळच्या सेसी गावात. आम्ही इथे सां-जेनीत राहायला आलो तेव्हा तो अजस्र डिटेक्टर वर जोडून एकेक भाग शंभर मीटर खाली उतरवणं चालू होतं. फेब्रुवारी २००७ मध्ये सगळ्यात जड, १,९२० टनांचा मधला भाग उतरवला, त्या दिवशी नवरा पहाटे गेला तो रात्रीच घरी आला. मी तान्ह्या बाळाला घेऊन एकटी, भाषेचा गंध नाही. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या, सत्तरीच्या, शेतकरी घरातल्या. त्यांनी जिन्यातून हाक मारली आणि सरळ स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. उकडलेले बटाटे आणि ब्ल्यू द जेक्स, म्हणजे या ज्यूरा डोंगरातलं निळ्या बुरशीचं चीज. वास उग्र, पण थंडीत गरम बटाट्याबरोबर फार छान लागतं. चीज कापता कापता सुरीच्या टोकानेच त्या खिडकीबाहेर दाखवत होत्या: ते फ्लॅट दिसतात ना, तिथे सासऱ्यांचा गहू असायचा, त्याच्या पलीकडे गाई. १९५४ मध्ये सीमेपलीकडे, स्वित्झर्लंडमधल्या मेरँला सर्नचं खोदकाम सुरू झालं, १९६५ मध्ये सर्न फ्रान्सच्या हद्दीत आलं. ऐंशीच्या दशकात सर्नच्या यंत्रासाठी जमिनीखाली २७ किलोमीटरचा बोगदा निघाला, तेव्हा झऱ्यांचं पाणी जाईल की काय ही त्यांच्या घरात मोठी काळजी होती. त्या दिवशी मला यातलं निम्मंही कळलं नाही. फ्रेंच यायला लागल्यावर मीच त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावलं.

गावात काही नाही असं कोणी म्हटलं की म्हणूनच राग येतो. गाव सर्नमुळे वाढलं, हे खरंच आहे. पण गहू पिकवणारी ती माणसं आणि त्यांची नातवंडं अजून इथेच आहेत. वर्षानुवर्षं राहून बेकरीत 'बोंझूर'च्या पुढे न जाणारी माणसं आपलीच आहेत, आणि गावाला नावं ठेवणारीही तीच.

तर माझं मत स्पष्ट आहे, सां-जेनीत राहा. फ्रान्समध्ये तीन वर्षांपासून शाळा सक्तीची आहे आणि सरकारी शाळेला फी नाही, त्यामुळे तुमची मुलगी लगेच शाळेत जाईल आणि वर्षभरात तुम्हाला फ्रेंच शिकवेल. सर्नचं गेट सायकलने गाठता येतं. जिनिव्हात जायला सर्नच्या दारातून १८ नंबरची ट्राम आहे. सीमेच्या कटकटीच्या ज्या गोष्टी सांगतात त्या जुन्या झाल्या. डिसेंबर २००८ मध्ये स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आलं, त्याआधी आपल्या पासपोर्टवर खरोखर त्रास व्हायचा.

भाडं जिनिव्हापेक्षा कमी आहे, पण स्वस्त म्हणता येणार नाही. पलीकडे फ्रँकमध्ये कमावणाऱ्यांनी इथले भाव चढवलेत. माझ्या मुलाच्या बाईंना फ्रेंच पगारात गावात घर परवडलं नाही, त्या रोज लांबून गाडीने येत. हा सरळ अन्याय आहे. जिनिव्हात नोकरी करणाऱ्या इथल्या रहिवाशांपोटी १९७३ च्या करारानुसार त्यांच्या पगाराच्या ३.५ टक्के रक्कम जिनिव्हा फ्रान्सच्या बाजूला देतं. त्यातून आधी शिक्षक-नर्सेसची घरं बांधायला हवीत, असं मी नगरपालिकेच्या सभेतही बोलले आहे.

एक राहिलंच. पत्नीला जिनिव्हात नोकरी करायची असेल, तर घराचा करार करण्यापूर्वी सर्नच्या ऑफिसात परवान्याचं नीट विचारून घ्या. राहण्याचा देश बदलला की कागदपत्रं बदलतात. तुम्ही सर्नच्या पगारावर नसून मुंबईच्या टीआयएफआरसारख्या भारतातल्या संशोधन संस्थेकडून येत असाल, तर नियम आणखी वेगळे. आणि घर बघताना शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे ना, हे आधी बघा. शाळेच्या फाटकाशीच पत्नीच्या ओळखी होतील.