गोठवलेले पुपुसे: वाचकांचे प्रश्न

पुपुसा हा एल साल्वादोरचा रोजचा पदार्थ. मक्याच्या पिठाच्या उंड्यात चीज, लाल घेवड्याचं वाटण किंवा डुकराचं मांस भरायचं, हातावर थापायचं आणि तव्यावर भाजायचं. २००५ साली तिथल्या संसदेनं तो राष्ट्रीय पदार्थ म्हणून जाहीर केला. नोव्हेंबरचा दुसरा रविवार हा पुपुशांचा दिवस. १९८० ते १९९२ च्या यादवी युद्धामुळे फार मोठ्या संख्येनं साल्वादोरी माणसं अमेरिकेत आली. लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, वॉशिंग्टनच्या परिसरात पुपुशांची गोठवलेली पाकिटं सहज मिळतात ती त्यामुळेच. या वेळचे बरेचसे प्रश्न तिथल्या मराठी घरांतून आले आहेत.

पाकिटातला पुपुसा तव्यावर टाकला की बाहेरून करपतो आणि आत गारच राहतो. आधी वितळवून घेतला तर तव्याला चिकटून फाटतो. नेमकं करायचं काय? (व्हर्जिनिया)

वितळवू नका. फ्रीझरमधून काढून थेट तव्यावर टाका, पण आच कमी ठेवा आणि झाकण ठेवा.

गोठताना पिठातलं पाणी स्टार्चपासून सुटून त्याचे बर्फाचे कण होतात. पुपुसा ओट्यावर वितळला की ते पाणी पृष्ठभागावर येतं, पारी चिकट होते आणि उलटताना फाटते. गोठलेल्या अवस्थेतच भाजला तर तेच पाणी आतल्या आत वाफ होतं आणि कडक झालेलं पीठ पुन्हा मऊ करतं. झाकण त्यासाठीच हवं.

बिडाचा किंवा जाड बुडाचा तवा मध्यम आचेवर ३-४ मिनिटं तापवा आणि तेलाचं नुसतं बोट फिरवा. पुपुसा ठेवून आच मध्यमहून कमी करा, झाका, ५ मिनिटांनी उलटा आणि पुन्हा झाकून ५ मिनिटं ठेवा. मग झाकण काढून आच थोडी वाढवा आणि दोन्ही बाजूंना मिनिट-मिनिट द्या, म्हणजे तपकिरी डाग पडतील. हा वेळ साधारण सव्वा सेंटिमीटर जाडीच्या पुपुशासाठी आहे. उलथण्यानं दाबू नका. दाबलं की कड फुटते आणि चीज तव्यावर जळतं. थोडंसं चीज पाझरून कुरकुरीत झालं तर मात्र उत्तमच, साल्वादोरी माणसं ते आवडीनं खातात.

पाकिटावर ‘पूर्ण शिजवलेलं’ लिहिलं आहे का तेही पाहा. तसं नसेल, आणि विशेषतः आत मांस असेल, तर मध्यभागी ७४ अंश सेल्सियस तापमान यायलाच हवं. स्वयंपाकाचा थर्मामीटर आडवा, कडेकडून आत घाला.

ऑफिसात फक्त मायक्रोवेव्ह आहे. (न्यू जर्सी)

ओल्या कागदी रुमालात गुंडाळा आणि निम्म्या पॉवरवर दीड-दोन मिनिटं गरम करा, मध्ये एकदा उलटा. पूर्ण पॉवरवर कडा सुकतात आणि मधला भाग थंडच राहतो. काढल्यावर लगेच खा. निवला की पीठ चामट होतं, आणि पुन्हा गरम करून ते सुधारत नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. चीज-बीन्सचं पाकीट डोळे मिटून घ्यावं का? (ह्यूस्टन)

नाही, घटक वाचा. घेवड्याचं वाटण परंपरेनं चरबीत परततात. ‘लार्ड’ किंवा नुसतं ‘मान्तेका’ लिहिलं असेल तर ती डुकराची चरबी समजा. ‘मान्तेका वेहेताल’ म्हणजे वनस्पती तूप. ‘रेव्हुएल्ता’ टाळाच, त्यात चीज आणि घेवड्यासोबत ‘चिचारोन’, म्हणजे शिजवून वाटलेलं डुकराचं मांस असतं. ‘लोरोको’ ही मध्य अमेरिकेतल्या एका वेलीची खाण्याची फुलं आणि ‘आयोते’ हा भोपळ्याचा प्रकार. चीजसोबतचे हे दोन्ही प्रकार आम्ही आवर्जून सुचवू. लोरोकोचा उग्र हिरवा वास चीजला फार शोभतो. चीजच्या घटकांत नुसतं ‘एन्झाइम्स’ असेल तर रेनेट, म्हणजे चीज करताना दूध घट्ट करणारं विकर, प्राणिजन्य असू शकतं. चालत नसेल तर ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेबल’ असा स्पष्ट उल्लेख शोधा.

पुण्यात ही पाकिटं मिळत नाहीत. मक्याच्या पिठाचे घरी करून गोठवता येतील का?

आपल्याकडचं मक्याचं पीठ चालणार नाही. पुपुशाचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, धुऊन मग दळतात. चुन्यानं दाण्याचं साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं नायसिन हे ‘ब’ गटातलं जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. कच्च्या मक्याचं पीठ सारण धरत नाही, थापतानाच चिरतं. ‘मासा हारिना’ नावाचं पीठ ऑनलाइन मागवा.

२ कप पीठ, दीड कप कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ. मळून १५ मिनिटं ओल्या फडक्याखाली ठेवा. गोळा दाबल्यावर कड चिरली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. ८ गोळे होतील. प्रत्येकात दीड टेबलस्पून सारण, पुरणपोळीचा उंडा भरतो तसं भरा आणि तेल-पाण्याच्या हातानं थापा. सारणात मोझरेला किसून घाला. पनीर वितळत नाही, त्यामुळे पुपुसा कोरडा लागतो. घेवड्याचं वाटण घट्ट हवं. सैल वाटण पारी भिजवून फोडतं, आणि घरचे पुपुसे बिघडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

गोठवायचे असतील तर आधी दोन्ही बाजूंनी पूर्ण भाजा. कच्ची पारी फ्रीझरमध्ये तडकते. जाळीवर पूर्ण निववा, नाहीतर वाफेचं दव पिशवीत बर्फ होऊन बसतं. ताटात सुटे गोठवा, मग मध्ये बटर पेपर घालून हवा काढलेल्या पिशवीत भरा. उणे १८ अंशांवर दोन महिने चव टिकते.

दुकानातून घरी येईपर्यंत पाकीट मऊ पडलं. परत गोठवू का? (सॅन होजे)

आत बर्फाचे कण असतील किंवा पुपुसे फ्रिजइतके, म्हणजे ४ अंशांपर्यंत थंड असतील, तर गोठवा. फक्त पारी थोडी ठिसूळ होईल. दोन तासांहून जास्त वेळ त्याहून गरम राहिले असतील तर टाकून द्या.

सोबतचा कोबी कसा करायचा? (व्हर्जिनिया)

त्याला कुर्तिदो म्हणतात आणि त्याच्याशिवाय पुपुसा अपुराच. अर्धा किलो कोबी बारीक चिरा, त्यावर उकळतं पाणी ओता आणि मिनिटभरात निथळा. किसलेलं १ गाजर, अर्धा कांदा, अर्धा कप व्हिनेगर, पाव कप पाणी, पाऊण चमचा मीठ आणि १ चमचा वाळका ओरेगॅनो घालून कालवा. ओव्यानं काम भागणार नाही, तो चवीवर स्वार होतो. रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्या आणि गरम पुपुशावर थंडच वाढा. सोबत टोमॅटो, कांदा, लसूण उकडून वाटलेला पातळ सॉस द्या.