अमेरिकेतील गुलामगिरीवर अभ्यास करायचा आहे, मूळ साधने घरबसल्या कुठे मिळतील?

लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळापासून सुरुवात करा, पैसे लागत नाहीत. १९३६ ते १९३८ दरम्यान फेडरल रायटर्स प्रोजेक्ट या लेखकांना काम देणाऱ्या सरकारी योजनेने पूर्वी गुलाम असलेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. अशी २,३०० हून अधिक कथनं तिथे आहेत. जरूर वाचा, पण जपून. विचारणारे बहुतेक गोरे, काळ उघड वंशभेदाचा, त्यामुळे कित्येकजण मोकळेपणी बोललेच नसणार. शिवाय बहुतेकांनी गुलामगिरी पाहिली ती लहानपणी. म्हणून त्याच ग्रंथालयाच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका' या संग्रहातल्या जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून बघा. पळून गेलेल्यांना पकडून देण्याबद्दलच्या जाहिराती तिथे सापडतात, आणि त्या वाचताना अंगावर काटा येतो. शोधताना त्या काळचेच शब्द टाका. सरकारी दस्तऐवजांसाठी अमेरिकेचं नॅशनल आर्काइव्ह्ज बघा.