पाण्यात जन्मलेले बाळ गुदमरत कसे नाही, आणि त्याचा पहिला श्वास कशामुळे सुरू होतो?

पाण्यातल्या बाळंतपणाचा व्हिडिओ पाहून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: पाण्यात जन्मलेल्या बाळाच्या नाकातोंडात पाणी कसे जात नाही, त्याचा श्वास नेमका कशामुळे सुरू होतो, आणि दर्यापूरजवळच्या आपल्या गावी, घरी मोठा टब आणून, पत्नीचे पहिले बाळंतपण तसे करता येईल का. मी अधिपरिचारिका म्हणून विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांच्या प्रसूती कक्षांत काम केले आहे. तेथे पाण्यातली बाळंतपणे होत नाहीत, परंतु बाळाचा पहिला श्वास हा माझ्या कामाचा रोजचा विषय होता. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच देते: घरी करू नका. त्याची कारणे पहिल्या दोन उत्तरांतच दडलेली असल्यामुळे ती सविस्तर लिहिते.

गर्भातले बाळ फुप्फुसांतून प्राणवायू घेत नाही. वार (प्लॅसेंटा) आईच्या रक्तातून प्राणवायू घेते, नाळेतून तो बाळाला पोचवते आणि कार्बन डायऑक्साइड परत नेते. त्या काळात फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात, आणि पुष्कळांना वाटते तसे ते बाळाने ओढून घेतलेले गर्भजल नसून फुप्फुसांच्या अस्तरानेच पाझरवलेला द्रव असतो. पूर्ण दिवसांच्या बाळात वजनाच्या दर किलोमागे तो साधारण 25 ते 30 मिलिलिटर भरतो. बाळ गर्भात छाती हलवते आणि सोनोग्राफीत ते दिसतेही, परंतु वारेतून येणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये मेंदूतल्या श्वसनकेंद्राला आवरून धरतात, आणि प्रसूतीच्या सुमारास ही हालचाल बरीच मंदावते. म्हणून कोमट पाण्यात बाहेर आलेले निरोगी बाळ पहिले काही क्षण नाळेवरच जगत असते. गर्भजलातून ते तेवढ्याच उबेच्या पाण्यात आलेले असते, आणि श्वास सुरू करावा असे त्याच्या शरीराला सांगणारे फारसे काही अजून घडलेले नसते.

याशिवाय आणखी एक संरक्षण असते. स्वरयंत्राच्या तोंडाशी असलेल्या संवेदनाग्रांना पाणी लागले, की बाळाचा घसा मिटतो, श्वास थांबतो आणि ते पाणी गिळले जाते. ही प्रतिक्रिया नवजात बाळात बळकट असते.

परंतु ही दोन्ही संरक्षणे ज्या बाळाला पुरेसा प्राणवायू मिळत आहे त्याच्यापुरती आहेत, आणि आपण पाहिलेल्या व्हिडिओत नेमकी हीच गोष्ट सांगितलेली नसावी. कळांच्या काळात नाळ दाबली गेली, गळ्याभोवती आवळली किंवा वार आधीच सुटू लागली, तर रक्तातला प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि एका मर्यादेनंतर बाळ पाण्याखालीच धाप टाकते. ती धाप घशाची राखण मोडून काढते, आणि मग पाणी, त्यात बाळाची शी मिसळलेली असेल तर तीही, फुप्फुसांत ओढली जाते. म्हणून ज्या देशांत पाण्यातली बाळंतपणे नियमाने होतात, तेथे पाण्यात चालणाऱ्या डॉपलर यंत्राने बाळाचे ठोके सुरुवातीच्या टप्प्यात दर 15 मिनिटांनी आणि आई जोर देऊ लागल्यावर दर 5 मिनिटांनी ऐकले जातात, पाण्याची उष्णता 37.5 अंश सेल्सियसच्या वर जाऊ दिली जात नाही, आणि ठोक्यांत किंचित शंका आली तरी आईला पाण्याबाहेर घेतात. बाळ पूर्ण बाहेर आले की लगेच, पण धसका न देता, तोंड वर करून त्याला पृष्ठभागावर आणायचे असते आणि एकदा हवा लागलेले डोके पुन्हा पाण्याखाली जाऊ द्यायचे नसते, कारण हवा लागली की श्वासाची आज्ञा गेलेली असते.

आता ती आज्ञा कशी जाते ते सांगते. एकाच वेळी अनेक गोष्टी घडतात: ओल्या त्वचेला गारवा लागतो, हात लागतात, प्रकाश आणि आवाज येतो, नाळेतला रक्तप्रवाह मंदावून कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतो आणि वारेकडून येणारा तो आवर सुटतो. फुप्फुसे मात्र त्याच्या आधीपासून तयारीत असतात. कळांच्या ताणामुळे बाळाच्या रक्तात ॲड्रेनलिन वाढते, आणि द्रव पाझरवणारे अस्तर उलट तोच द्रव शोषू लागते. कळा न येता सिझेरियन झालेल्या बाळांना काही तास धाप लागलेली दिसते, ती या तयारीचा वेळ न मिळाल्यामुळे. उरलेला द्रव पहिल्या जोरदार श्वासांनी आणि रडण्याने आजूबाजूच्या ऊतींत ढकलला जातो आणि पुढच्या काही तासांत रक्तात आणि लसिकेत (लिम्फमध्ये) मिसळतो. भिजलेली पाने एकमेकांना चिकटतात तशा वायुकोशांच्या भिंती श्वास सोडताना चिकटू नयेत, यासाठी आत सर्फॅक्टंट नावाचा थर असतो. तो 34-35 आठवड्यांच्या सुमारास पुरेसा होतो, आणि कमी दिवसांच्या बाळाची छाती आत ओढली जाते ती त्याच्या अभावी.

हवा आत गेली की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, आतापर्यंत त्यांना वगळून जाणारे रक्त त्यांच्यातून वाहू लागते आणि हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली खिडकी दाबाने मिटते. बाळ लगेच गुलाबी होत नाही म्हणून घरची मंडळी घाबरतात, परंतु निरोगी बाळातही रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण पहिल्या मिनिटाला 60 ते 65 टक्के, पाचव्या मिनिटाला 80 ते 85 टक्के आणि दहाव्या मिनिटाला 85 ते 95 टक्के असे चढत जाते.

दहापैकी साधारण एका बाळाला या वेळी काहीतरी मदत लागते. बहुतेकांना कोरड्या कापडाने पुसणे आणि पाठ चोळणे पुरते. जे तरीही श्वास घेत नाही त्याला पहिल्या मिनिटाच्या आत अंबू बॅग (हाताने दाबून हवा देण्याची पिशवी) आणि मास्कने हवा द्यावी लागते. आपल्या भागात जुन्या दाया निपचित बाळासाठी वार तव्यावर किंवा निखाऱ्यावर गरम करीत, बाळाला उलटे धरून चापट्या मारीत आणि तोंडावर गार पाणी शिंपडीत. त्या बायांनी कितीतरी आयांना आधार दिला आणि मी त्यांचा अनादर करणार नाही, परंतु गर्भाशयातून सुटून बाहेर आलेल्या वारेला आईचे रक्त मिळतच नाही, त्यामुळे ती गरम करून बाळाला प्राणवायू पोचणे शक्य नाही, आणि त्यात जातो तो त्याच्या मेंदूचा वेळ. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1990 च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले आणि श्वास न घेणाऱ्या बाळाला मास्कने हवा देणे त्या घरोघरी करू लागल्या. विदर्भात बाळांचे प्राण वाचवणारी गोष्ट कोणती, असे मला विचाराल तर मी त्या मास्ककडे बोट दाखवीन.

पाण्यातल्या बाळंतपणाला मी थोतांड म्हणत नाही. फ्रान्समधल्या पिथिव्हिए येथील रुग्णालयात डॉ. मिशेल ओदाँ यांनी अशा पहिल्या शंभर बाळंतपणांचा वृत्तांत 1983 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दिला. इंग्लंड आणि वेल्समधल्या 4,032 जन्मांच्या, 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एकही मृत्यू थेट पाण्यामुळे झाल्याचे आढळले नाही. मात्र त्याच पाहणीत पाणी फुप्फुसांत गेलेली बाळे होती आणि नाळ तुटल्याच्याही घटना होत्या. बाळाला घाईने वर ओढले आणि नाळ आखूड असली तर ती तुटते. 3 किलोच्या बाळात एकूण रक्तच जेमतेम 250 मिलिलिटर असते, हे लक्षात घ्यावे. शिवाय हे सारे आकडे निवडलेल्या, निरोगी आयांचे आणि शिकलेल्या सुईणींच्या हातचे आहेत. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये कळांच्या पहिल्या टप्प्यात पाण्यात बसण्याला हरकत घेतली नाही, पण जन्म पाण्याबाहेरच व्हावा असे सुचवले.

आणि आपल्याकडे पाणी कोणते आहे? दर्यापूर खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतले पाणी खारे असलेल्या भागात, येते. अशा टबाला काही शे लिटर पाणी लागते, आणि ते टँकरचे किंवा छतावरच्या काळ्या टाकीतले असणार. 2014 मध्ये टेक्सासमध्ये पाण्यात जन्मलेले एक बाळ लिजिओनेला जंतूंच्या संसर्गाने दगावले. तेथील टब आधीपासून भरून ठेवलेला होता. हे जंतू 20 ते 45 अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात टाकीतले पाणी कोणत्या अंशावर असते ते वेगळे सांगायला नको.

पत्नीला आठवा महिना आहे असे आपण लिहिले आहे. तिची सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि हिमोग्लोबिनची तपासणी झालेली नसेल तर या आठवड्यात करून घ्यावी, कारण त्यात दोष निघाल्यास बाळंतपण कोठे करायचे हे पुन्हा ठरवावे लागेल. जेथे नाव नोंदवले आहे तेथे जाऊन प्रसूती कक्षात नवजात बाळाच्या मापाचा मास्क, अंबू बॅग आणि बाळाला ऊब देणारा वॉर्मर आहे का, आणि ते चालवणारी व्यक्ती रात्रीही हजर असते का, हे निःसंकोच विचारावे. तसे विचारणारे नातेवाईक मला नेहमी आवडत. कळा सुरू झाल्यावर पाणमोट फुटलेली नसेल आणि डॉक्टरांची संमती असेल, तर तिला कोमट पाण्याने अंघोळ घालावी, कमरेवर पाणी ओतावे, चालू द्यावे. वेदना सुसह्य होण्याचा पाण्याचा जो खरा लाभ आहे त्यातला बराचसा असा मिळतो. बाळ रडत असेल तर नाळ बांधण्याआधी एक ते तीन मिनिटे थांबाल का, असे सिस्टरांना आधीच विचारून ठेवावे. पाणमोट फुटली, अंगावरून रक्त गेले, पाणी हिरवट दिसले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर अंघोळीच्या भानगडीत न पडता 102 किंवा 108 वर फोन करून निघावे. पावसाळ्यात दिवस भरत असतील आणि गावचा रस्ता काळ्या मातीतून जात असेल, तर तारखेच्या आठवडाभर आधीच तालुक्याला नातेवाइकांकडे राहायला जाण्याची सोय आजच बघावी.