वय 15, चतुर्थीपर्यंत 10 किलो वजन कमी करायचंय, रात्रीचं जेवण बंद केलंय, बरोबर करतेय का?

नाही गो बाय, जेवण बंद करू नकोस. तुझा प्रश्न वाचताना त्याच ओळीवर थांबले, कारण सोळाव्या वर्षी मीही अगदी हेच केलं होतं. मावसबहिणीचं लग्न होतं, घागरा शिवून आणलेला आणि तो कमरेत होईना, म्हणून सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी आणि रात्री काहीच नाही असे पाचेक आठवडे काढले. एक दिवस पणजीहून फोंड्याला येताना कदंब बसमध्ये उभी होते, पावसाचे दिवस, खिडक्या बंद, आणि एकदम डोळ्यांपुढे काळोख. शुद्धीवर आले तेव्हा मासळीची पाटी घेऊन आलेल्या एका बाईच्या खांद्यावर माझं डोकं होतं आणि ती पिशवीतलं केळं सोलून धरून बसलेली, खा गो आधी म्हणत. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8 च्या घरात, पाळी चार महिने आली नाही, आणि उतरलेलं वजन वर्षाच्या आत सगळं परत आलं.

चतुर्थीपर्यंतच्या दीड महिन्यात 10 किलो उतरवायला गेलीस तर नुसती चरबी जात नाही, पाणी जातं, स्नायू जातात, आणि तुझ्या वयात शरीराचं बांधकाम अजून चालू आहे. हाडं भरायचा मोठा काळ हाच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या हिशेबात 13 ते 15 वयाच्या मुलीला रोज 1000 मिलीग्रॅम कॅल्शियम आणि 30 मिलीग्रॅम लोह लागतं, ते काकडीतून कुठून येणार? शिवाय वयात येताना मांड्या, कंबर थोडी भरतेच, ते शरीराचं स्वतःचं काम असतं. मोबाईलवरचं मोठ्यांचं बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) कॅल्क्युलेटर तुझ्यासाठी नाहीच, 18 वर्षांपर्यंत वय आणि उंची धरून वेगळा तक्ता असतो, तो मुलांच्या डॉक्टरकडे बघायचा. आणि वजन खरंच जास्त निघालं तरी या वयात बऱ्याचदा आधी ते आहे तिथं थांबवतात, उतरवायचं की नाही आणि किती ते डॉक्टर ठरवू देत.

मग खायचं काय, तर घरचंच. आपल्याकडे शीत, म्हणजे भात, म्हटलं की पोरी घाबरतात, पण शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी) वाईट नाहीये, ताटात शीताचा डोंगर आणि बाजूला एवढीशी भाजी हे बिघडलेलं असतं. शीत थोडं कमी, तांबडी भाजी (लाल माठ) किंवा अळसांद्याची (चवळीसारख्या कडधान्याची) उसळ जास्त, बांगडा-तारले हे मासे रोज तळून नको, हुमणातले खा, तारल्यांचे बारीक काटे चावून खाता आले तर कॅल्शियम तिथंच मिळतं. नाचणीचं तिझान, म्हणजे गोड पेज, सकाळी मस्त, 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, फक्त गूळ बेतानं. जेवणावर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही, त्यापेक्षा भाजीवर लिंबू पिळ. उलट शिकवणीहून येताना बेकरीतलं पॅटीस आणि थंड पेय घेत असशील तर तिथं हात आखडता घे, 250 मिलीच्या कोल्याच्या बाटलीत साधारण 25 ग्रॅम साखर जाते, म्हणजे पाच-सहा चमचे, आणि पोट काही भरत नाही. पण चतुर्थीच्या नेवऱ्या (करंज्या) खा हां, सणाला ताटावर बसून मोजत बसू नकोस.

तुझ्या वयात रोज तासभर तरी अंग हललं पाहिजे. पावसात मैदानावर जाता येत नाही हे खरं, मग घरात दोरीउड्या मार, आणि चतुर्थीच्या फुगडीची प्रॅक्टिस असेल तर पहिल्या रांगेत उभी रहा, अर्धा तास मनापासून फुगडी घातली की कळतं दम म्हणजे काय ते! रात्री फोन खाली ठेवून 8 तास तरी झोप, झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलंच खावंसं वाटतं.

त्या जाहिरातीतल्या पावडरी, गोळ्या, स्लिमिंग चहा यांच्या नादाला अजिबात लागू नकोस, अशा चहात बरेचदा सोनामुखी असते, ती जुलाबाची वस्तू, त्यानं पाणी जातं आणि तुला वाटतं बारीक झाले. पाळी तीन महिने चुकली, मानेवर काळसर जाडसर पट्टा दिसला, हनुवटीवर केस वाढले किंवा नीट खाऊनही सारखा थकवा असला तर आईला घेऊन डॉक्टरकडे जा, थायरॉईड किंवा पीसीओएस (पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा त्रास) आहे का ते बघतील, त्यात तुझी काही चूक नसते.

आणि पाहुणे 'मोटी जाल्या गो तूं' म्हणणारच, दरवर्षी म्हणतात, मला अजूनही म्हणतात. ते मनाला लागतं हे मला माहीत आहे. पण त्यावरून जेवल्यावर उलटी काढावीशी वाटायला लागली, किंवा ताट लपवायला लागलीस, तर एकटी राहू नकोस, 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन फुकट आहे, रात्रीही लागतो. आज रात्री मात्र सगळ्यांबरोबर जेवायला बस, आणि आईशी कुठून बोलायला सुरुवात करायची ते सुचत नसेल तर हे उत्तरच तिला वाचायला दे.